खळ वाळेपर्यंत

घरात माणसं वाढली तेव्हा राणीनं खड्डा शोधला.

शोधला म्हणायचं इतकंच. खड्डा होताच. म्हसवडच्या बाहेर माळावर त्यांची वस्ती. घराच्या मागच्या चढावर पत्र्याची एक खोली होती, तिला सगळे अजून मागाची खोली म्हणत. राणीचा आजा, आप्पासो, तिथं घोंगडी विणायचा. त्याची पोरं त्याला आबा म्हणत. विणणारा जमिनीच्या काठावर बसायचा, पाय खाली खड्ड्यात सोडायचा आणि तिथल्या पावड्या पायांनी दाबत विणायचा. आजा गेला आणि माग बंद पडला. लाकडं भिंतीला टेकवून ठेवली गेली. मग खोलीत कडबा आला, जुने पाइप आले, कोंबड्या आल्या. खड्डा बुजवायचा तेवढा राहून गेला.

करोनाचं दुसरं वर्ष होतं. राणी दहावीला होती आणि शाळा बंद होती. आई आणि दादा, म्हणजे तिचे वडील तानाजी, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उंब्रजकडे गेले होते. दरवर्षी जात. तिकडचे बागायतदार खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. पावसाच्या तोंडाला ती दोघं परत यायची. एरवी या महिन्यांत राणी आणि सुलाबाई आजी, अशा दोघीच घरात असायच्या. आजी लोकर कातत बसायची, राणी अभ्यास करायची. घर इतकं शांत असायचं की चुलीवरचं पाणी उकळायला लागलेलं पडवीत ऐकू यायचं.

त्या वर्षी आकाराम तात्या परत आला. राणीचा धाकटा चुलता. तामिळनाडूत त्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान होतं, ते बंद पडलं. त्याच्याबरोबर माया काकू आली आणि जुळी पोरं आली. जुळे भांडायचे ते तमिळमध्ये. चूक कुणाची हे आजीला कळायला काही मार्ग नसायचा. ती दोघांनाही एकेक धपाटा घालायची.

घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. राणी पुस्तक घेऊन बसली की काकू म्हणायची, "बसलीच हाईस तर एवढा लसूण सोल." उंबऱ्यात बसली की तात्या म्हणायचा, "बसलीच हाईस तर तांब्या दे." त्या घरात कुणी वाईट नव्हतं. पण बसलेलं माणूस दिसलं की त्यांना काम आठवायचं. मेंढरामागं फिरणाऱ्यांचं घर ते. तिथं माणूस उभं तरी असतं नाहीतर झोपलेलं असतं.

मागाच्या खोलीत एक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. तिला दाणे टाकायला राणी गेली आणि सहज खड्ड्यात उतरली. तळाशी बसली. गुडघे पोटाशी घेतले. मातीचा गारवा पाठीला लागला. वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, त्यामुळे दारातून बघणाऱ्याला ती दिसली नसती. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती. त्यांतून आलेले उन्हाचे ठिपके समोरच्या भिंतीवर पडले होते. त्यांतला एक ठिपका अगदी हळू भिंतीतल्या एका खुंटीकडे सरकत होता. राणी त्याच्याकडे बघत राहिली.

मग ती रोज जायला लागली. तिथं ती काही करत नसे. रडत नसे, मोबाइल नेत नसे, कुणाला आठवत नसे. ठिपका खुंटीला टेकला की उठायची, ड्रेसची माती झटकायची आणि खाली यायची.

"कुठं गेलतीस गं?" काकू विचारायची.

"कोंबडी बघाय."

"बसलीय का नीट?"

"बसलीय."

एवढ्यावर भागायचं.

कॉन्फरन्सची कल्पना अर्फाची. अर्फा आटपाडीची. तिच्या वडिलांचं, इलाहीभाईंचं, गाद्या भरायचं दुकान होतं. एका वक्तृत्व स्पर्धेत राणीची आणि तिची ओळख झाली होती. अर्फाला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि राणीला काहीच मिळालं नव्हतं. तरी अर्फाच तिचा नंबर मागायला आली होती. "तू मधेच गप झालीस ना, ते मला लय आवडलं," ती म्हणाली होती. राणी भाषण विसरली होती.

सातारा आणि सांगलीतल्या काही शाळांच्या मुलांनी मिळून एक ऑनलाइन कॉन्फरन्स घ्यायची, विषय 'स्वतःची काळजी', सगळं मुलांनीच करायचं, असं ठरलं. राणीच्या शाळेच्या जयराज सरांना विचारायला मुलं गेली.

"विषय चांगलाय," सर म्हणाले. "मास्क, साबण, अंतर."

"तसली काळजी नाही सर. मनाची."

"मनाची?" सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. लिंक मी काढून देतो."

ग्रुप झाला. पोस्टरवरून भांडणं झाली. सांगलीच्या एका मुलीनं डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवलेल्या बाईचं चित्र टाकलं. अर्फानं खाली लिहिलं, "आमच्याकडं काकडी खातात." मग दोघींची समजूत काढण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी मिटलेले डोळे आणि कमळ यावर सगळ्यांचं जमलं.

प्रत्येक शाळेतून एकानं बोलायचं होतं. 'माझा स्वतःचा वेळ'. भाषणं अर्फाकडे यायला लागली, तशी ती चिडायला लागली. तिनं राणीला फोन केला. फोन तात्याचाच, घरात तेवढा एकच स्मार्टफोन होता. राणी तो घेऊन चढावरच्या खोलीत आली होती, तिथं रेंज बरी असायची.

"सगळी कोमट पाणी प्यायलीत बघ," अर्फा म्हणाली. "कोमट पाणी, प्राणायाम, डायरी. एकजण तर झाडाशी बोलतोय. मी इचारलं, कुठल्या झाडाशी? तर म्हणतोय, ठरवलं न्हाई अजून."

राणी हसली.

"तुझा आवाज असा का येतोय? हिरीत हाईस का काय?"

"खड्ड्यात."

"कसल्या खड्ड्यात?"

राणीनं सांगितलं. ठिपक्याचं सांगितलं, खुंटीचं सांगितलं, कोंबडीचं निमित्त सांगितलं. कुणाला तरी हे सांगायची तिची पहिलीच वेळ होती. सांगताना तिला कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं.



"राणे, हेच बोल तू."

"येडी का तू?"

"अगं, सगळी खोटं बोलायलीत. एक तरी खरं पायजे की."

"घरात कळलं म्हंजे?"

"घरातलं कोण येतंय तिथं? पोरांची कॉन्फरन्स हाय."

"फोन तात्याचा हाय."

"फोन तात्याचा असंल. तोंड तर तुझं हाय न्हवं?"

राणी हो म्हणाली नाही. पण घरी आल्यावर लसूण सोलताना ती मनात वाक्यं जुळवत होती. आपल्यापाशी सांगण्यासारखं काही आहे, असं तिला आजवर वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी कॉन्फरन्स सुरू झाली. पडद्यावर चौकटीच चौकटी. कुणाच्या मागून बनियनवरचे वडील जात होते, कुणाच्या घरात मिक्सर चालला होता. राणीच्या चौकटीखाली तात्याच्या दुकानाचं नाव होतं, तमिळ अक्षरांत. ते बदलायचं कसं हे तिला सापडलं नव्हतं. पाहुण्या म्हणून सांगलीच्या एक डॉक्टरबाई येणार होत्या, पण त्यांना वॉर्डातून मान वर काढायला फुरसत नव्हती. ऐनवेळी जयराज सरांनी साताऱ्याच्या आपल्या एका ओळखीच्यांना बोलावलं. रविराज सर. गावोगावच्या कारागिरांचा माल शहरात नेणारी एक संस्था ते चालवत. पांढरी दाढी, मऊ आवाज. माणूस चांगला दिसत होता आणि होताही.

राणीची पाळी आली. ती खड्ड्याच्या काठावर बसली होती.

"माझे आजोबा घोंगडी विणायचे," ती म्हणाली. "आता माग बंद आहे. मागाचा खड्डा आहे. मी रोज त्या खड्ड्यात जाऊन बसते. तिथं मी काही करत नाही. भिंतीवर ऊन पडतं, ते बघते. मग परत येते. एवढंच."

तिनं फोन फिरवून दाखवलं. खड्डा, ठिपके, खुंटी. पेंढ्यांआडून कोंबडीनं मान वर केली.

पडद्यावर लाल बदाम उडायला लागले. कुणा बाईंनी लिहिलं, "डोळे भरून आले." अर्फा आपल्या चौकटीत मोठ्यानं टाळ्या वाजवत होती, पण तिचा आवाज बंद होता.

रविराज सर बोलले. "बाळ, तिथं बसलीस की आजोबांची आठवण येते ना?"

राणीनं पडद्याकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आजा गेला तेव्हा ती चालायलाही शिकली नव्हती. पण मोठ्या माणसानं असं विचारलं की काय म्हणायचं, हे तिला पहिलीपासून माहीत होतं.

"हो सर," ती म्हणाली.

"तो माग पुन्हा सुरू झाला तर आवडेल तुला?"

"हो सर."

"तू बसशील त्याच्यावर?"

"हो सर."

पुन्हा बदाम उडाले. राणीनं फोन खाली ठेवला आणि मागं वळली. दारात तात्या उभा होता. फोन मागायला आला होता. तो खड्ड्याकडे बघत होता, जणू आजच पहिल्यांदा त्याला तो दिसला होता.

दुपारी भाकरी थापताना काकू म्हणाली, "कोंबडी बघाय जाती म्हणायचीस की गं. मग अंडी कोण उबवत हुतं? तू का ती?"

सगळे हसले. आजीसुद्धा. राणीही हसली. तिला वाटलं, हसण्यावारी गेलं. सुटले.

रविवारच्या त्या भाषणाचा तुकडा भावकीच्या ग्रुपवर फिरला. तिथून तो कुठं कुठं गेला. उंब्रजच्या एका बागायतदारानं आपला मोबाइल मेंढरांच्या तळावर नेऊन तानाजीला दाखवला. त्याच रात्री दादाचा फोन आला. त्याचा साधा बटनांचा फोन, आवाज फाटका यायचा.

"राणे, बघितलं गं मी," दादा म्हणाला. "आबांचा माग चालू करतीस म्हणं."

"दादा, मी तसं..."

"तुझी आई रडाय लागली. मला बी..." पलीकडे मेंढरं ओरडत होती. "मला जमलं न्हाई ते. मला मेंढरंच बरी वाटली. आबा जाताना बोलला न्हाई काई, पण मला म्हाईत हाय ना. लय बरं केलंस पोरी."

राणी फोन कानाला लावून उभी राहिली. दादा तिच्याशी एवढं सलग कधी बोलला नव्हता.

"व्हय दादा," ती म्हणाली.

रस्ते खुले झाल्यावर रविराज सर गाडी घेऊन आले. घोंगडं हातात घेऊन बसले, त्याच्यावर हात फिरवत राहिले. आजीनं जपून ठेवलेलं, आज्यानं विणलेलं शेवटचं घोंगडं होतं ते. शहरात याला घेणारी माणसं आहेत, म्हणाले. आणि तो व्हिडिओ बघितलेले लोक त्याच मुलीच्या हातचं मागताहेत, म्हणाले. मग त्यांनी राणीला समोर बसवलं.

"हे बघ, जबरदस्ती कुणाचीच नाही. तुला मनापासून करायचं असेल तरच."

तात्या भिंतीला टेकून उभा होता. आल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. ॲसिडमध्ये वर्षानुवर्षं काम करून त्याची बोटं आखडली होती, वस्तीवर त्याला जमेल असं काम नव्हतं. आता तो राणीच्या तोंडाकडे बघत होता. काकूही बघत होती.

"हो सर," राणी म्हणाली.

"आवं पण बाईमाणूस खड्ड्यात बसत न्हाई," आजी कोपऱ्यातून म्हणाली. "आमी भाईर बसून सूत काढायचो. खड्डा गड्याचा."

राणीनं चटकन आजीकडे पाहिलं.

"आत्याबाई, त्यो काळ गेला आता," काकू म्हणाली.

"म्हणजे ही पहिलीच मुलगी!" रविराज सरांचे डोळे चमकले. "आजी, तुम्ही फार मोठी गोष्ट सांगितलीत."

आपण काय मोठं सांगितलं, हे आजीला कळलं नाही. पण पहिली मुलगी हा शब्द राणीला चिकटला तो चिकटलाच. पुढे शाळेत सत्कार झाला तेव्हा जयराज सर तेच म्हणाले. पेपरात आलं तेव्हाही तेच आलं.

म्हसवडातून सिद्धूनाना आला. आज्याच्या वेळचा विणकर. त्यानं लाकडं तपासली, वाळवी लागलेलं एक बाजूला काढलं. कडबा बाहेर गेला. पाइप गेले. कोंबडीला पाटीसकट उचलून न्हाणीजवळ नेऊन ठेवलं. ती दिवसभर अंगणात क्वॉक क्वॉक करत फिरली, पण पुन्हा अंड्यांवर बसली नाही. पावसाचं पाणी सुतावर गळायला नको म्हणून पत्रा नवा घातला. भोकं गेली. उजेडासाठी तात्यानं ट्यूबलाइट लावली.

"आता कसं लख्ख झालं," तो म्हणाला. "बस बघू."

राणी काठावर बसली. पाय खाली सोडले. पायांखाली मातीऐवजी पावड्या आल्या. नानानं पोटाशी आडवं लाकूड बसवलं, त्याच्यावर ताण्याचं, म्हणजे लांबीचं, सूत आवळलं. समोर काळ्या दोऱ्यांची रांग भिंतीपर्यंत ताठ ताणलेली. भिंतीवरची खुंटी तशीच होती. आता तिला ताण्याची दोरी बांधली होती.

"उठायचं झालं तर आधी हे सोडवायचं," नाना म्हणाला. "झटक्यात उठलीस तर सूत तुटंल."

राणी शिकली. तिला शिकताना कंटाळा आला असता तर बरं झालं असतं. पण हात चालायला लागले. आडवं सूत नेणारा धोटा या हातातून त्या हातात जायला लागला. पहिलं घोंगडं वाकडं आलं, दुसरं जरा सरळ आलं. रविराज सरांनी पहिलंही नेलं. वाकडंच हवंय लोकांना, म्हणाले. माणसाच्या हातचं वाटतं.

लोक यायला लागले. कुणी बघायला, कुणी फोटो काढायला. दारात उभे राहायचे. "इथंच बसायची का गं तू?" विचारायचे. "हो," राणी म्हणायची. "मग आता तर तुझ्या मनासारखंच झालं." त्यावर ती मान खाली घालून धोटा टाकायची. लोक ते लाजणं समजायचे.

परीक्षा न होताच दहावीचा निकाल लागला. राणीनं म्हसवडच्या कॉलेजात नाव घातलं. तास फोनवरच होते. तात्यानं मागाच्या खांबाला फोन अडकवायची सोय करून दिली. "ऐकत ऐकत ईण," तो म्हणाला. पुढे कॉलेज उघडलं, पण तोवर मागणी वाढली होती. ती आठवड्यातून एखाद्या वेळी जायची. प्राध्यापक तिला ओळखायचे. सवलत द्यायचे. सगळेच तिला सवलत देत होते.

तात्या बदलला. सकाळी उठून लोकर आणायला जायचा, रविराज सरांशी फोनवर ऐटीत बोलायचा. जुळ्यांवर ओरडायचा बंद झाला. दादा उंब्रजहून आला तेव्हा त्यानं चप्पल बाहेर काढून मागाच्या खोलीत पाऊल टाकलं, देवळात टाकावं तसं. आईनं राणीच्या पायाला तेल चोळलं. "घरातल्या घरात हाय पोरगी," ती शेजारणीला सांगत होती. "भाईर कुठं जायला नको, काय नको."

एकदाच राणीनं प्रयत्न केला. संध्याकाळी ती चुलीशी काकूजवळ गेली.

"काकू, मला जरा नुसतं बसायचंय."

"बस की," काकू म्हणाली. तिच्या आवाजात माया होती. "जा मागावर बस. तुला तितं बरं वाटतंय."

राणीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग मागावर जाऊन बसली.

अर्फा अकरावीला सांगलीला गेली. हॉस्टेलवरून तिचे आवाजी निरोप यायचे. मेसच्या आमटीबद्दल, लायब्ररीबद्दल, खोलीतल्या मुलीच्या घोरण्याबद्दल. "तुझं बरं हाय बाई," एका निरोपात ती म्हणाली. "तुला तुझं सापडलं. मी अजून हुडकतीय." राणीनं तो निरोप विणता विणता ऐकला. उत्तरात तिनं अंगठा पाठवला.

खळीचं असं असतं. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवून त्यांची पेज करायची. मागावर चढवायच्या आधी ताणा बाहेर उन्हात दोन मेढींमध्ये ताणून धरायचा आणि कुंच्यानं ही खळ त्याला लावायची. वाळली की सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही. ओली असताना शेळीनं तोंड लावलं, कोंबडी खालून गेली, तर सूत चिकटतं, गुंता होतो. म्हणून वाळेपर्यंत कुणीतरी राखण बसायचं.

चढाच्या कडेला एक बाभूळ होती. राणी तिच्या सावलीत राखण बसायची. सूर्य चढायचा, खळ वाळायची, ती ताणा सोडवून आत न्यायची. एक दिवस तशीच बसली होती. समोर काळं सूत उन्हात चमकत होतं. खाली घरातून काकूनं हाक मारली.

"राणे! वाळली का गं खळ?"

राणीनं हात लावून बघितलं. सूत कडक झालं होतं.

"न्हाई अजून!"

तोंडातून आपोआप गेलं. ती पुन्हा बाभळीखाली बसली. बाभळीच्या पानांतून उन्हाचे बारके ठिपके तिच्या पायावर पडले होते, शेकड्यांनी, हलणारे. खड्ड्यातल्यासारखे नव्हते. पण होते.

काकूला यातलं काही कळत नव्हतं, ती सासरी आली ती थेट तामिळनाडूलाच गेली होती. तात्याला मात्र एकदा शंका आली. तो अंगणात उभा राहून वर बघत होता.

"ऊन हे असं कडक, अन खळ वाळंना कशी? नानाला इचारतो उंद्या."

पडवीत आजी सूत कातत होती. तिनं मान वर केली नाही.

"सुतातलं तुला काय कळतंय रं? तुझ्या बापाची तर दुपार हुईस्तवर वाळायची न्हाई."

"दुपारपतोर?"

"मग? मी भाकरी घिऊन जायची तवा बी बसलेलाच असायचा. जा, पोरांस्नी बघ जा."

तात्या गेला. राणीनं वरून आजीकडे बघितलं. आजीची चाती फिरत होती. तिचं सगळं लक्ष चातीत होतं.

पुढच्या वर्षी कॉन्फरन्स पुन्हा झाली. शाळा उघडल्या होत्या, पण दोन जिल्ह्यांतल्या मुलांना एका जागी आणणार कसं, म्हणून ती ऑनलाइनच राहिली. आता नवीन मुलं होती. अर्फा त्यांची मार्गदर्शक होती. प्रमुख पाहुणी राणी.

सकाळी तिनं ताण्याला खळ लावली, आजीला ताण्यापाशी राखण बसवलं आणि मागाच्या खोलीत आली. मागावर अर्धं घोंगडं चढलेलं होतं. त्याच्यामागं ती बसली, फोन खांबाला अडकवला. ट्यूबलाइटखाली चेहरा चांगला दिसत होता. चौकटीखाली आता तिचं स्वतःचं नाव होतं.

अर्फानं ओळख करून दिली. पहिली मुलगी वगैरे. बोलताना ती मधेच एकदा अडखळली आणि पडद्याकडे टक लावून बघत राहिली. राणीकडे, का तिच्या मागच्या भिंतीकडे, कळलं नाही. भिंतीवर ऊन नव्हतं.

मुलांनी प्रश्न विचारले. आटपाडीच्या एका नववीतल्या मुलीनं हात वर केला.

"ताई, स्वतःसाठी म्हणून तुम्ही काय करता?"

"मी विणते," राणी म्हणाली.

बदाम उडाले. कुणीतरी लिहिलं, "किती साधं आणि सुंदर."

तेवढ्यात फोनच्या वरच्या कडेला एक ओळ आली. अर्फाचा निरोप, फक्त तिला.

"खरं सांग. आता कुठं बसतेस?"

राणीनं पडद्यावरची अर्फा बघितली. ती हसत नव्हती. तिचा रंग उतरला होता. मागच्या वर्षी टाळ्या वाजवताना फुललेलं तिचं तोंड आता नुसतं उघडं राहिलं होतं. तिला कळलं होतं. घरातल्या कुणाला कळलं नव्हतं ते, एवढ्या लांबून, एका पत्त्याएवढ्या चौकटीतून तिला कळलं होतं.

राणीनं फोन खांबावरून काढून हातात घेतला. "बाभ" एवढं लिहिलं. अंगठा थांबला. तिला आठवलं, खड्ड्यात बसून सांगताना कानशिलं कशी गरम झाली होती. किती बरं वाटलं होतं.

तिनं दोन्ही अक्षरं पुसली.

"कुठंच नाही," असं लिहून पाठवलं.

अर्फाच्या नावाखाली ती काहीतरी लिहीत असल्याची खूण दिसत राहिली. थांबली. पुन्हा दिसली. मग गेली. निरोप काही आला नाही.

आभार झाले. राणीनं फोन बंद केला. पोटाजवळचं लाकूड सैल केलं, पाय पावड्यांवरून काढले आणि बाहेर आली. उन्हानं डोळे दिपले. ताण्याजवळ आजी बसली होती. राणीला बघून ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि उतारानं घराकडे निघाली.

राणी ताण्यापाशी गेली. सुतावरून बोट फिरवलं. बोट खरखरलं.

खालून काकूनं हाक दिली, "राणे, वाळली का गं?"

"न्हाई अजून!" राणी म्हणाली आणि बाभळीखाली जाऊन बसली.